कवायत मैदानावरचं गांजादहन

मी आत्ता जे सांगणार आहे त्यावर तुमचा विश्वास बसणार नाही. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे मागाहून वाद नको. इतकी वर्षं मी ही गोष्ट सांगतोय, एकाचाही बसलेला नाही. माझ्या सख्ख्या बायकोचा बसला नाही, आणि ती बिचारी मी आणलेली किडकी वांगीसुद्धा ताजी म्हणून चिरायची.

चहा पोचला का सगळ्यांना? टेम्पो यायला अजून अवकाश आहे. उद्या नाट्यगृहात कुणाचा तरी सत्कार आहे, त्याच्या खुर्च्या न्यायच्यात. माझा मुलगा आणि त्याची माणसं पुसतायत, पुसू द्या. तुम्ही बसा. आणि मागं त्या लाल खुर्चीवर बसलेल्या बाई, हातावरचा सिंह जरा जपून, त्याचं नाक तुटलेलं आहे, टोचतं. ऊन लागत असेल तर पुढं या. नको? बरं. कोण आहात मला काही दिसत नाही. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. मला तुम्ही म्हणजे खुर्चीवर ठेवलेला एक पांढरा ढग. कुणाच्या तरी पाहुण्या असाल. ऐका तुम्हीही.

तर ही गोष्ट आपल्या शहरात अजून नगरपालिका होती तेव्हाची. 'खिलारे मंडप अँड साऊंड' ही पाटी तेव्हा नवीकोरी होती आणि मीही. लग्न असो, मयताची शोकसभा असो, मंत्र्याचं भाषण असो, खांब माझे, कनात माझी, भोंगे माझे. शहरात राज्य कुणाचं आहे हे लोक पेपरात शोधायचे. मला ते स्टेजवरच्या खुर्च्यांवरून कळायचं. मध्ये ही लाल मखमलीची, सिंहाच्या हातांची. तिला आम्ही 'महाराजा' म्हणायचो. तिच्या दोन्ही अंगांना गादीच्या खुर्च्या, त्यांच्यापलीकडं साध्या हातांच्या, आणि अगदी कडेला लोखंडी, घडीच्या. लोखंडी खुर्चीवरचा माणूस भाषणं संपेपर्यंत सावध बसतो, कारण ती कधी मिटेल सांगता येत नाही.

महाराजावर कायम नगराध्यक्ष उदाजीराव ढमढेरे. उजवीकडं शहराचे पोलीस इन्स्पेक्टर रणपिसे साहेब, डावीकडं 'सांजभेरी' या आपल्या संध्याकाळच्या पेपराचे मालक आणि संपादक अप्पासाहेब मुजुमले. आणि चौथा होता हिराशेठ कातोरे. हिराशेठला मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा तो स्टेजखाली खांबाला टेकून उभा होता. पुढल्या वर्षी लोखंडी खुर्चीवर दिसला. मग त्यानं व्यसनमुक्ती मंडळ काढलं आणि त्याला हातांची खुर्ची मिळाली. मग मंडळाची रुग्णवाहिका आली, आणि मला चिठ्ठी आली की हिराशेठना गादीची लावा. तो एक घर आत सरकला की कुणीतरी एक घर बाहेर जायचं. शाळांचे मुख्याध्यापक गेले, बार असोसिएशनचे अध्यक्ष गेले, एक निवृत्त कर्नल होते तेही गेले.

हिराशेठचा धंदा गांजाचा. हे शहरात सगळ्यांना ठाऊक होतं. फक्त पोलिसांना पुरावा सापडत नव्हता आणि सांजभेरीला ती बातमी छापायला जागा सापडत नव्हती.

आणि अशात एक घोटाळा झाला. नाक्यावर रात्रपाळीला नवा फौजदार होता, त्याला कुणी काही समजावलेलं नव्हतं. त्यानं एक ट्रक अडवला आणि त्यात पोत्यांवर पोती गांजा निघाला. आता पकडलाच म्हटल्यावर रणपिसे साहेबांना पंचनामा करावा लागला, अप्पासाहेबांना फोटो छापावा लागला, आणि हिराशेठला त्या फोटोखाली पोलिसांचं अभिनंदन करावं लागलं. पोती पोलीस ठाण्याच्या मागच्या गोदामात गेली. फौजदाराची बदली अशा गावी झाली की तिथं एसटीसुद्धा दिवसाआड जायची.

ती पोती पडून राहिली असती, पण सांजभेरीत कालिंदी शेजवळ नावाची एक बातमीदार होती. किडकिडीत अंगाची, दोन वेण्या, आणि बुडाखाली लुना. त्या काळी बाईनं बातमीदार असणं हीच एक बातमी होती. अप्पासाहेबांनी तिला हळदीकुंकू आणि पाककृती स्पर्धांसाठी ठेवली होती. ती पाककृतीच्या निमित्तानं कुठल्या चुलीत काय शिजतंय ते बघून यायची. एकदा पोलीस लाईनीत तिळगुळाची बातमी घ्यायला गेली, तर तिला दिसलं की जगदाळे नावाच्या शिपायाची शेळी गोदामाच्या दारातनं डोकं घालून एक फाटकं पोतं खाते आहे. गांजाचं पोतं. बाई तिथं उभी राहिली. शेळीनं पोटभर खाल्लं, रवंथ केला, उठली, पान्हा दिला, परत येऊन खायला लागली. ना डोलली, ना ओरडली. अप्पासाहेब परगावी लग्नाला गेले होते, तेवढ्यात बाईनं बातमी छापून टाकली: 'जप्त गांजा खाऊन शेळी ठणठणीत.' खाली एवढंच विचारलं होतं, की शेळी एवढी पक्क्या मनाची आहे, की पोत्यात गांजाच नाही?

शहर हसून हसून लोळलं. पण ती बातमी वर कुठंतरी पोचली आणि तिथं कुणाला हसू आलं नाही. पोती उघडून तपासायला वरून माणसं येणार, असा निरोप आला. तपासणीवाले यायच्या आत पोती नाहीशी व्हायला हवी होती, आणि तीही राजरोस. मग ठरलं, की अमली पदार्थांचा जाहीर दहन समारंभ करायचा. कवायत मैदानावर, सकाळी, शाळेच्या मुलींच्या स्वागतगीतासह. परवानगीचे कागद कुणी विचारले नाहीत, कारण विचारणारे सगळे निमंत्रणपत्रिकेत होते. कुंपणानं शेत खाल्लं हे आपण ऐकलेलं असतं. इथं कुंपण शेत खाऊन वर हळदीकुंकू करत होतं.

मला ऑर्डर आली. स्टेजचं तोंड उगवतीला हवं, असं नगराध्यक्षांच्या जोशीबुवांनी सांगितलं होतं. उदाजीरावांच्या पत्रिकेत त्या महिन्यात पश्चिम दिशा वाईट होती म्हणे. पौषात वारा उगवतीकडून येतो, आणि पोत्यांची रास स्टेजच्या पुढ्यात. पण मला काय, खांब कुठंही रोवले तरी भाडं तेवढंच.

त्या सकाळी मी स्टेजवर निळा गालिचा अंथरत होतो, तेव्हा कालिंदीबाई लुना ढकलत आली. लुना कुठं लावू म्हणून विचारलं. मी म्हटलं, मैदानाच्या उजव्या कडेला जनरेटरशेजारी लावा, सावली आहे. लावून आली आणि स्टेजच्या कडेला पाय सोडून बसली. मी तिला अर्धा कप चहा दिला. माझ्याकडं ती नेहमी यायची. सभेत कोण रुसलं, कुणी खुर्ची बदलून मागितली, हे मी तिला सांगायचो, ती मला रावजीभाऊ म्हणायची.

मी म्हटलं, "एवढं तोंड पाडायला काय झालं? जळतायत तर जळू द्या."

"पोती जळली की मी खोटी ठरले, रावजीभाऊ. अप्पासाहेबांनी सांगून ठेवलंय, समारंभ झाला की राजीनामा टेबलावर ठेव. आई म्हणते बरं झालं, आता तरी स्थळं बघू."

"आणि शेळी?"

"शेळीला साक्षीला कोण बोलावतं?" असं म्हणून हसली, पण चहा तसाच ठेवला. मग पदर खोचून पत्रकारांच्या रांगेत जाऊन बसली, अगदी पुढं. पोती पेटताना जवळून बघायची होती तिला.

थोड्या वेळानं हिराशेठ आला. पांढरा सफारी, कपाळाला गंध, छातीला व्यसनमुक्ती मंडळाचा बिल्ला. स्टेजवर चढून खुर्च्यांपुढून असा फिरला, जसा गिऱ्हाईक बैलबाजारात फिरतो. महाराजाच्या सिंहावर हात ठेवला.

"रावजी, ही कुणाची?"

"नगराध्यक्षांची. कायमची."

"कायमचं काही नसतं. आज कार्यक्रम कुणाचा?"

"पोलिसांचा."

"गांजा पोलिसांनी पकडला. पण व्यसनमुक्ती कुणाची? मंडळ माझं. मग कार्यक्रम कुणाचा?"

मी म्हटलं, "हिराशेठ, खुर्च्या माझ्या आहेत, क्रम माझा नाही." तो हसला आणि त्यानं खिशातला रुमाल काढून महाराजावर टाकला. एसटीत जागा धरतात तसा. जाताना त्याची कोपरखळी लागली की आणखी काही, पण सिंहाचं नाक तेव्हा तुटलं. ते काही मी चिकटवलं नाही. कुठल्या दिवसाची काय खूण राहील सांगता येत नाही.

मग बाकीचे तिघेही आले आणि चौघेजण स्टेजमागच्या कनातीत चहाला बसले. ही कनात नीट ध्यानात ठेवा. त्या काळी निवेदक स्टेजवर येऊन विनोद करत नसे. तो मागं कनातीत बसून, दिसायचं नाही अशा बेतानं, रेडिओसारखा बोलायचा. म्हणून एक माईक स्टेजवर आणि एक आत, निवेदकाच्या टेबलावर. दोन्हींची बटणं माझ्या ॲम्प्लिफायरवर, आणि ॲम्प्लिफायर खाली, स्टेजच्या डाव्या अंगाला. आतला माईक मी बंद ठेवला होता. देवाशपथ बंद ठेवला होता.

मी बाहेरून कनातीची दोरी ताणत होतो. कापडापलीकडं माणूस आहे हे कापडाअलीकडच्याला कधीच आठवत नाही. आधी महाराजावरच्या रुमालाचा विषय निघाला, आणि उदाजीरावांचा आवाज जरा चढला. रणपिसे साहेबांनी विषय बदलला. म्हणाले, बाईचा बंदोबस्त केलाय. जगदाळ्याकडं पुडी दिली आहे, खऱ्या मालाची. सगळ्यांचं लक्ष जाळाकडं असताना तो ती लुनाच्या सीटखाली ठेवेल. आभारप्रदर्शनाच्या वेळी झडती. पेपरवाले आहेत, प्रतिष्ठित नागरिक आहेत, पंच वेगळे बोलवायला नकोत.

अप्पासाहेब म्हणाले, "बातमी मी कालच लिहून ठेवली आहे."

उदाजीरावांचा आवाज जरा उतरला. म्हणाले, "बाईमाणूस आहे हो. जरा बघा."

"काय बघायचं?"

"फोटो जरा बरा छापा."

माझ्या हातातली दोरी सुटली आणि खांब एकदम कलला. तो सावरून मी पुढं गेलो. बाईला जाऊन सांगावं म्हणून पत्रकारांच्या रांगेकडं निघालो, तर तेवढ्यात रणपिसे साहेब स्टेजवर आले आणि त्यांनी बोटानं खूण केली: जागेवर. मी जागेवर जाऊन बसलो. दुसरं काय करणार? घरी बायको, दोन पोरं, नगरपालिकेचं वर्षभराचं कंत्राट. मंडपवाल्यानं खांब रोवावेत, शहर रोवायला जाऊ नये. जे काही पुढं झालं ते धुरानं केलं. मी फक्त साक्षीला होतो.

आणि इथून पुढं विश्वास ठेवायची तयारी करा.

स्वागतगीत झालं. महाराजावर शेवटी उदाजीरावच बसले, रुमालावर. हिराशेठ शेजारी. उदाजीरावांनी मशाल लावली आणि रास पेटली. ज्वाळा फार नव्हत्या, पण धूर असा उठला, असा उठला, की जणू सगळ्या शहराच्या चुली एकाच ठिकाणी आणून कुणी त्यांच्यावर पाणी ओतलं. पांढरा, दाट, दोरासारखा पिळाचा. वर गेला, जरा विचार केला, आणि उगवतीच्या वाऱ्यावर बसून थेट स्टेजवर आला.

आता तो गांजाचा धूर. त्याचा गुण काय सांगू? मैदानावरून कावळे चालले होते, ते धुरात शिरले आणि उलटे उडत बाहेर आले. बँडवाल्यांचा क्लॅरनेट हातात न धरता वाजायला लागला. टॉवरचं घड्याळ, जे माझ्या आज्याच्या लग्नापासून बंद होतं, त्यानं टोल दिले आणि मग आपलं चुकलं म्हणून परत घेतले. स्वागतगीताच्या मुलींच्या बाईंनी पाढे म्हणायला सुरुवात केली, आणि ते बरोबर होते. कडेला रसवंतीचा बैल होता, तो घाण्याभोवती एक फेरी घालून थांबला, आपल्या आयुष्याकडं त्यानं एकदा वळून पाहिलं आणि चालता झाला. मालक त्याला शोधत पार रेल्वे फाटकापर्यंत गेला.

स्टेजवरच्या चौघांची तर दशाच झाली. आधी खोकले. मग डोळ्यांतून पाणी. मग उदाजीराव उठले आणि हात पुढं करून चालायला लागले, त्यांच्या मागं रणपिसे साहेब त्यांचा कोट धरून, मागं अप्पासाहेब, मागं हिराशेठ. आगगाडी खेळतात तसे चौघेही मागच्या कनातीत शिरले. निवेदक आधीच पळाला होता. स्टेजवर नुसत्या खुर्च्या राहिल्या, आणि समोर सगळं मैदान नाकाला पदर आणि रुमाल लावून त्या रिकाम्या खुर्च्यांकडं बघत बसलं.

आणि मग भोंग्यातून आवाज आला.

मी सांगतो ना, आतला माईक बंद होता. पण त्यालाही धूर लागला असणार. नशेत माणूस काय करेल ते सांगता येत नाही, तर माईकचं काय घ्या. तो आपसूक चालू झाला. त्या चौघांना तर चढलीच होती. त्यांनी तो हातात घेतला असेल, आणि नशेत माणूस खरं बोलतो हे तुम्हाला ठाऊकच आहे.

पहिला आवाज उदाजीरावांचा. "रुमाल टाकतोस माझ्या खुर्चीवर? आख्खं गाव बघतंय."

हिराशेठ म्हणाला, "गाव बघतंय म्हणूनच टाकला. निवडणुकीला जीपगाड्या कुणाच्या होत्या?"

मग रणपिसे साहेब. "ट्रकमधला माल मी पोत्यापोत्यानं परत केला नसता, तर जीपला चाकं तरी राहिली असती का? आणि मला उजवीकडची खुर्ची. अजून तीच."

"आणि हे मी छापलं नाही," अप्पासाहेबांचा आवाज, दम लागलेला, "म्हणून तुम्ही तिघं खुर्च्यांसाठी भांडताय. नाहीतर एकाच बाकावर बसला असता."

"पोत्यात शेवरीचा पाला भरायची अक्कल कुणाची?" हिराशेठ म्हणाला. "माझी. कडबा भरणार होता तुम्ही. कडबा गांजासारखा दिसतो का?"

"हळू बोला," रणपिसे साहेब कुजबुजले.

ते 'हळू बोला' चार भोंग्यांतून सुटलं आणि कवायत मैदान, कडबा बाजार, दत्ताचं देऊळ, कोर्टाची पायरी, सगळीकडं गेलं. कडबा बाजारात सौदे चालू होते ते थांबले. लोकांना वाटलं, पोलिसांचा हुकूम आहे. आख्खं शहर हळू बोलायला लागलं, मग बोलायचंच थांबलं. इतकी शांतता मी या गावात पुन्हा ऐकली नाही.

त्या शांततेत उदाजीराव म्हणाले, "आणि त्या बाईचं?"

रणपिसे साहेब म्हणाले, "जगदाळे गेलाय. एव्हाना पुडी लुनाच्या सीटखाली असेल."

सगळं मैदान एकदम उजवीकडं वळलं. जनरेटरशेजारी लुना होती. लुनाची सीट वर होती. सीटखाली जगदाळ्याचा हात होता, कोपरापर्यंत. इतकी माणसं आपल्याकडं बघतायत हे पाहून त्याला काय करावं सुचेना. शिस्तीचा माणूस. त्यानं हात बाहेर काढला आणि मैदानाला कडक सलाम ठोकला. पुडी त्याच सलामाच्या हातात होती, टोपीला टेकलेली.

पहिली हसली ती एक म्हातारी, भाजीवाली. मग सगळे. हसता हसता लोक उठले. भाजीवाली जाऊन लुनावर बसली आणि म्हणाली, मी पंच, लिहा माझं नाव. वकील लोक समोरच होते, त्यांनी जगदाळ्याला मध्ये घेतलं. मारायला नव्हे, जपायला, कारण तो आता शहरातला सगळ्यात मोठा साक्षीदार होता. कनातीतले चौघे अजून भांडतच होते. त्यांना काही पत्ताच नव्हता; भोंग्यांची तोंडं बाहेर गावाकडं, आणि भांडणात स्वतःचा आवाज कुणाला ऐकू येतो? सगळ्यात शेवटी अप्पासाहेबांचा आवाज आला, की बाहेर हे लोक कशाला हसतायत, स्वागतगीत तर झालं.

कालिंदीबाई मात्र हसत नव्हती. ती राशीकडं गेली. वाऱ्यानं एक पोतं अर्धवट विझलं होतं, त्यातून तिनं मूठभर पाला ओढून काढला आणि ओच्यात बांधला. तपासणीवाले आले तेव्हा त्यांना तोच मिळाला.

पुढचं तुम्हाला ठाऊक आहे. हिराशेठ मोठ्या घरी गेला, तिथं खुर्च्या नसतात. रणपिसे साहेबांची बदली त्याच गावी झाली, जिथं तो फौजदार आधी गेला होता. दोघं एका चाळीत राहायचे आणि एसटीची वाट बघायचे असं ऐकलं. अप्पासाहेबांनी पेपर भाच्याच्या नावे केला. उदाजीराव दोन वर्षं घरी बसले, मग पक्ष बदलून परत आले, कारण या शहराला आठवण फार ठेवायची सवय नाही. पण महाराजावर पुन्हा कधी बसले नाहीत. सिंहाचं नाक टोचतं म्हणायचे. आणि कालिंदीबाईंना मोठ्या शहरातल्या मोठ्या पेपरानं बोलावून नेलं. त्यांचं नाव मग मी पेपरात वाचायचो, डोळे होते तोवर.

माझं? माझं नगरपालिकेचं कंत्राट त्याच महिन्यात गेलं. धुराबरोबर ठिणग्या आल्या आणि तो स्टेजवरचा निळा गालिचा जळून खाक झाला, नगरपालिकेच्या मालकीचा होता तो. निष्काळजीपणा म्हणून नाव काढलं, ते पुढं किती वर्षं लावलं नाही. त्यात कुणाचा दोष नाही. गालिच्यासाठी गेलं, दुसरं काही कारण नव्हतं. लग्नांवर भागवलं. लग्नं कुणी थांबवत नाही.

तर अशी त्या धुराची करामत. खरं वाटो न वाटो.

टेम्पो आला वाटतं. उचला रे खुर्च्या. महाराजा शेवटी घ्या, त्या बाई बसल्यात अजून. काय हो बाई? काही म्हणालात का? जरा मोठ्यानं बोला, कानांनाही मोतीबिंदू झालाय.

"मोठ्यानंच बोलते, रावजीभाऊ. पोत्यात शेवरीचा पाला होता, हे आत्ता तुम्हीच हिराशेठच्या तोंडून सांगितलंत. शेवरीच्या धुरानं खोकला येतो, चढत नाही. जगदाळ्याच्या शेळीलासुद्धा कधी चढली नाही, ती मी स्वतः उभी राहून बघितली. आणि ते चौघे त्या दिवशी माईक हातात घेऊन बोलत नव्हते, 'हळू बोला' म्हणून एकमेकांत कुजबुजत होते. माईकात कुणी कुजबुजतं का? माझी लुना तिकडं जनरेटरशेजारी होती आणि आतल्या माईकचं बटण तुमच्या बोटाखाली. इतकी वर्षं धुराच्या नावावर खपवलंत. साफ खोटं आहे हे सगळं. आणि गालिचा जळला नव्हता. त्याच्यावरच बसून मी त्या दुपारी बातमी लिहिली."